प्रकल्प त्यांचा, जोखीम आमची



जिल्हा मेळाव्यात यंदाही गोसीखुर्दवर ठराव येईल. ‘प्रकल्प त्वरित पूर्ण करा’ असा तो असेल. हात वर होतील, टाळ्या पडतील आणि ठराव फायलीत जाईल. हा ठराव अपुरा आहे, एवढेच सांगण्यासाठी हे टिपण.

प्रकल्प का रखडला, याचे एकच उत्तर आपण पाठ केले आहे: भ्रष्टाचार. तो आहेच. पण उद्या त्या खुर्च्यांवर साधुसंत आणून बसवले, तरी प्रकल्प रखडायला भरपूर जागा आहे. कारण खोट माणसांत आहे तशी मांडणीतही आहे. निर्णय घेणाऱ्यांपैकी एकाच्याही खिशाला निर्णय चुकल्याची झळ लागत नाही. ती लागते फक्त आपल्याला.

हिशेब पाहा. 1983 चा अंदाज होता 372 कोटी रुपये. 22 एप्रिल 1988 रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झाले. 2009 मध्ये हा राष्ट्रीय प्रकल्प ठरला. 2012-13 च्या दराने खर्चाचा अंदाज गेला 18,494 कोटींवर, म्हणजे जवळजवळ पन्नास पट. भंडारा, नागपूर आणि चंद्रपूर जिल्ह्यांत अडीच लाख हेक्टर भिजवण्याचा शब्द होता. भूमिपूजनाला साडेतीन दशके उलटून गेली. धरणात पाणी दिसते, बांधीत दिसत नाही. हत्ती गेला आणि शेपूट राहिले. आणि आपल्याला पाणी मिळणार ते त्या शेपटातूनच!

साहेब सांगतात: भाववाढ झाली, पुनर्वसनाचा खर्च वाढला, अडचणी आल्या. सगळे खरे धरू. पण भाव वाढतात, हे 1983 मध्ये कोणाला ठाऊक नव्हते? अडचण येणार, हे गृहीत धरणे म्हणजेच नियोजन.

जोखीम हाताळण्याच्या तीन रीती याच वैनगंगेच्या खोऱ्यात शेजारीशेजारी नांदतात. त्या ताडून पाहू.

पहिली रीत इंजिनिअरांची. मोठे धरण 75 टक्के विश्वासार्हतेवर आखतात. म्हणजे चार वर्षांपैकी तीन वर्षे ठरलेले पाणी मिळेल. हे गणित खोटे नाही. पाऊस मोजता येतो, त्याची सरासरी निघते. पण चौथ्या वर्षी काय, याचे उत्तर त्या कागदावर नाही. शिवाय जे मोजता येत नाही, त्याचे काय? मंत्री बदलेल, निधी आटेल, वनखात्याची परवानगी अडेल, कालव्याचे अस्तर निकृष्ट निघेल. अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी 1921 मध्येच हा भेद मांडला: मोजता येते ती जोखीम, मोजता येत नाही ती अनिश्चितता. आमच्या अंदाजपत्रकात अनिश्चिततेला काय मिळते? ‘आकस्मिक खर्च’ नावाची एक ओळ!

दुसरी रीत पैसेवाल्यांची. ते जोखीम कमी करत नाहीत, दुसऱ्याच्या खांद्यावर देतात. ठेकेदाराला करारात भाववाढीचे कलम असते; काम लांबले तरी दर वाढवून मिळतो. 1996 मध्ये कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले, त्याने रोखे विकून पैसा उभारला. रोखे घेणाऱ्याला शासनाची हमी होती. पाणी येवो न येवो, व्याज चुकणार नाही. वाईट काही नाही, हमी सगळ्यांनाच आवडते. पण ज्याची जमीन बुडाली, त्याला कोणती हमी होती? आणि कालव्यासाठी ज्याच्या शेताचे दोन तुकडे झाले, त्याच्या करारात उशिराचे कलम कोठे आहे? सर्वस्व पहिल्याच दिवशी पणाला लावले ते या दोघांनी, आणि हमी नाही ती नेमकी या दोघांना.

तिसरी रीत आपली. कृषी महाविद्यालयात मला ती कोणी शिकवली नाही. तेथे तिला ‘परंपरागत’ म्हणत आणि पुढच्या धड्याकडे वळत. भंडाऱ्याचा धानकरी सगळी शेती एका जातीच्या धानावर लावत नाही. वरच्या बांधीत हलके धान, खोलात भारी धान. पऱ्हे एकदम टाकत नाही, दोन वेळा टाकतो. रोवणी साधणार नाही असे दिसले, तर काही ठिकाणी आवत्या. उभ्या धानात लाखोळी फेकतो, म्हणजे धान फसले तरी उरलेल्या ओलीवर काहीतरी घरात येते. पाऊस कळत जातो तसा बेत बदलतो. चुकले तर एक बांधी चुकते, शेत नाही. कारण चूक त्याच्याच घरात जेवायला बसते.

आणि ही रीत फक्त एका शेतापुरती नाही. याच जिल्ह्यांतले मामा तलाव पाहा. कोहळी समाजाच्या कारागिरीने शेकडो तलाव उभे राहिले. एक फुटला तर दुसरा राहिला. ज्याचे धान त्या पाण्यावर, त्याचेच डोळे त्या पाळीवर. मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले. गाळ साचला, पाळी खचल्या. राखणारा आणि भोगणारा वेगळा झाला की असेच होते.

कोणी म्हणेल, मग धरणे नकोत का? तसे मी म्हणत नाही. लागोपाठ दोन कोरडी वर्षे आली की लहान तलाव तळ दाखवतात. मोठा साठा हवाच. भांडण आकाराचे नाही, रीतीचे आहे. मोठे कामही तुकड्यातुकड्याने, पाहत, शिकत करता येते. एका वितरिकेचे पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पोचवा, तिथे काय चुकले ते पाहा, मग दुसरीला हात घाला. आपल्याकडे उलटे झाले. सगळीकडे खोदले आणि थोड्याच ठिकाणी पोचले. कारण खोदण्याचे बिल निघते, पोचण्याचे निघत नाही.

म्हणून मेळाव्यात ‘त्वरित पूर्ण करा’ एवढ्यावर हात वर करू नका. ठरावात तीन गोष्टी घाला.

एक, हाती घेतलेल्या वितरिकेचे पाणी शेपटापर्यंत पोचल्याशिवाय पुढच्या टप्प्याची निविदा निघू नये.

दोन, ठेकेदाराच्या बिलाचा ठरावीक हिस्सा भिजलेल्या हेक्टरावर मिळावा, आणि किती भिजले याचा दाखला ग्रामसभेने द्यावा.

तीन, जाहीर केलेली तारीख चुकली की प्रत्येक वर्षाला लाभक्षेत्रातल्या आणि जमीन गेलेल्या शेतकऱ्याला भरपाई मिळावी. ठेकेदाराला भाववाढ मिळते, तर आम्हांला उशीरवाढ का नको?

यातली तिसरी मागणी ऐकून साहेब हसतील. म्हणतील, एवढा बोजा सरकारला कसा पेलेल? तेव्हा त्यांना शांतपणे विचारा: साहेब, साडेतीन दशके तो बोजा पेलतो आहे कोण?