विश्लेषण : ऑस्करची बाहुली की दिग्दर्शकाची खुर्ची? सिडनी पॉटिए यांचे मोठे योगदान कोणते?

सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय कलाकार ही सिडनी पॉटिए यांची जगभरातली ओळख. २०२७ हे त्यांचे जन्मशताब्दी वर्ष. ही ओळख खरी असली, तरी अपुरी आहे. पॉटिए यांचे अधिक टिकाऊ काम कॅमेऱ्याच्या मागे झाले आणि त्याचीच चर्चा सर्वांत कमी होते.

बहामाचा मुलगा न्यूयॉर्कला कसा पोहोचला?

पॉटिए यांचे आईवडील कॅरेबियन समुद्राजवळच्या बहामा बेटांतील कॅट आयलंडवर टोमॅटो पिकवत. माल विकण्यासाठी ते अमेरिकेतील मायामीला आले असताना, २० फेब्रुवारी १९२७ रोजी सिडनी यांचा अपुऱ्या दिवसांचा जन्म झाला. त्यामुळे अमेरिकी नागरिकत्व मिळाले. बालपण मात्र वीज आणि नळ नसलेल्या बेटावर गेले. पंधराव्या वर्षी ते मायामीला आणि वर्षभरात न्यूयॉर्कला आले. तिथे हॉटेलांत भांडी घासली. ‘अमेरिकन निग्रो थिएटर’ने कॅरेबियन उच्चार आणि अडखळते वाचन पाहून त्यांना परत पाठवले. मग रेडिओवरच्या निवेदकांची नक्कल करत त्यांनी उच्चार सुधारले. एका वयस्कर ज्यू वेटरने रोज रात्री वर्तमानपत्र समोर ठेवून त्यांना वाचायला शिकवले.

१९६७ का महत्त्वाचे?

‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी १९६४ मध्ये ऑस्कर मिळाले. पण त्यांची खरी लोकप्रियता दिसली ती १९६७ मध्ये. त्या एका वर्षात ‘टू सर, विथ लव’, ‘इन द हीट ऑफ द नाइट’ आणि ‘गेस हूज कमिंग टू डिनर’ हे तीन चित्रपट आले. अमेरिकेतील १६ राज्यांत त्या वर्षीच्या जूनपर्यंत कृष्णवर्णीय आणि गोऱ्यांच्या विवाहाला कायद्याने बंदी होती. डिसेंबरमध्ये आलेल्या तिसऱ्या चित्रपटाचा विषय नेमका हाच होता. ‘इन द हीट ऑफ द नाइट’मध्ये गोरा जमीनदार थोबाडीत मारतो आणि पॉटिए यांचा पोलीस अधिकारी क्षणात उलट थोबाडीत लगावतो. दक्षिणेकडील राज्यांत जाण्यास पॉटिए नाखूश असल्याने, या चित्रपटाचे बहुतेक चित्रीकरण उत्तरेकडच्या इलिनॉयमध्ये झाले.

मग टीका कशासाठी?

याच वर्षी नाटककार क्लिफर्ड मेसन यांनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये सवाल केला, की गोऱ्या अमेरिकेला पॉटिए इतके का आवडतात? त्यांचा नायक सुशिक्षित, सभ्य, निष्कलंक असतो. गोऱ्यांना त्याची भीती वाटत नाही, असा आक्षेप होता. त्यात तथ्य होते. ‘गेस हूज...’मधला डॉक्टर इतका सर्वगुणसंपन्न आहे, की त्याला नाकारण्यासाठी रंगाखेरीज कारणच उरत नाही. सामान्य, चुकणाऱ्या कृष्णवर्णीय माणसाला त्या पडद्यावर जागा नव्हती. मात्र हा दोष एकट्या नटाच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. पटकथा, पैसा आणि दिग्दर्शन तिघांच्याही चाव्या दुसऱ्यांच्या हाती होत्या.

कॅमेऱ्यामागे काय बदलले?

पॉटिए यांनी या चाव्याच मिळवल्या. १९६९ मध्ये पॉल न्यूमन आणि बार्बरा स्ट्रायसँड यांच्यासह त्यांनी ‘फर्स्ट आर्टिस्ट्स’ ही निर्मितीसंस्था काढली. १९७२ च्या ‘बक अँड द प्रीचर’मध्ये चित्रीकरण सुरू असतानाच त्यांनी दिग्दर्शनाची सूत्रे घेतली. गुलामीतून सुटून पश्चिमेकडे निघालेली कृष्णवर्णीय कुटुंबे त्या चित्रपटाच्या केंद्रस्थानी होती. ‘अपटाऊन सॅटर्डे नाइट’मध्ये (१९७४) तर त्यांनी साध्या, गोंधळलेल्या कामगाराची भूमिका करून स्वतःच्याच आदर्श प्रतिमेला हसून घेतले. जीन वाइल्डर आणि रिचर्ड प्रायर यांच्या ‘स्टर क्रेझी’ने (१९८०) अमेरिकेत १० कोटी डॉलरहून अधिक गल्ला जमवला. त्यांनी दिग्दर्शित केलेले नऊही चित्रपट सरस नव्हते. १९९० चा ‘घोस्ट डॅड’ साफ पडला. पण कृष्णवर्णीय माणूस पडद्यावर खट्याळ, भित्रा, लबाड असू शकतो, ही मोकळीक त्यांनी मिळवून दिली.

वारसा कोणता?

पॉटिए यांच्यानंतर सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर दुसऱ्या कृष्णवर्णीय कलाकाराला, डेन्झेल वॉशिंग्टन यांना मिळायला २००२ उजाडले. मधली ३८ वर्षे सांगतात, की एका पुरस्काराने व्यवस्था बदलत नाही. उलट, ‘एकाला दिले ना’ म्हणून ती निर्धास्त होते. कोणाची गोष्ट सांगायची, हे ठरवण्याचा अधिकार हाती आला तरच बदल टिकतो. पुढे बहामाचे जपानमधील राजदूत झालेले पॉटिए ६ जानेवारी २०२२ रोजी, वयाच्या ९४ व्या वर्षी गेले. जन्मशताब्दीत त्यांची ऑस्करची बाहुली झळकेलच. त्यासोबत त्यांनी दिग्दर्शित केलेले चित्रपटही पुन्हा पाहिले जायला हवेत.