‘बलकेन कतं’ आणि इंग्रजीचा तास

कर्जत तालुक्यात, राजमाचीच्या पायथ्याच्या रानात कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागी, एका भग्न मूर्तीच्या मस्तकाजवळ, ब्राह्मी लिपीतला एका ओळीचा लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. मूळ प्राकृतातले शेवटचे शब्द ‘बलकेन कतं’ असे आहेत. सुमारे दोन हजार वर्षांनंतर आपण ‘बलकाने केले’ असे म्हणतो. कर्ता तृतीयेत आणि क्रियापद कर्माच्या अधीन, ही वाक्याची घडण तीच आहे.

इंग्रजी व्याकरणाच्या प्राथमिक पाठांविषयी लिहिताना आम्हांला हा लेख आठवतो, त्याला कारण आहे. शाळेत व्हॉइस शिकवताना कर्तरी म्हणजे ॲक्टिव्ह आणि कर्मणी म्हणजे पॅसिव्ह असे समीकरण अनेकदा सांगितले जाते. ते फसवे आहे. ‘रामाने पोळी खाल्ली’ हा मराठीत कर्मणी प्रयोग. इंग्रजीत मात्र त्याचे सरळ रूप ‘राम एट अ चपाती’, म्हणजे ॲक्टिव्ह. पॅसिव्हच्या जवळचे वाक्य ‘पोळी रामाकडून खाल्ली गेली’ हे होय. त्याला आपली शालेय व्याकरणे नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. समीकरण पाठ केलेला विद्यार्थी प्रामाणिकपणे चुकतो आणि त्याला तेच समीकरण पुन्हा पाठ करायला लावले जाते.

काळाचेही तसेच. ‘मी काल कर्जतला गेलो होतो’ याचे इंग्रजी विद्यार्थी ‘आय हॅड गॉन टू कर्जत येस्टरडे’ असे करतो. हा निष्काळजीपणा नव्हे. मराठीतला ‘होतो’ त्याने इमानाने इंग्रजीत नेला. ही चूक लाल शाईने खोडण्याची नसून समजावून देण्याची आहे.

महाराष्ट्रात २००० साली मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. वर्षे वाढवली की भाषा येईल, हा त्यामागचा विश्वास आम्हांला अपुरा वाटतो. मातृभाषा मध्ये आणली की मूल भाषांतर करतच बोलते, असा आक्षेप घेतला जातो. श्रवण-संभाषणाच्या तासापुरता तो आम्हांला मान्य आहे. व्याकरण हे मात्र स्पष्टीकरण आहे, आणि स्पष्टीकरण समजणाऱ्या भाषेतच व्हायला हवे. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालांवर पिढ्या वाढल्या, त्या दोन भाषा शेजारी ठेवल्यामुळेच. उलट दिशेनेही हे घडले आहे: दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांच्यापुढे इंग्रजी व्याकरणाचा नमुना होता.

कर्जत-खालापूरच्या ठाकूर-कातकरी वाड्यांतल्या मुलांसाठी तर पुस्तकी मराठीही घरच्या बोलीपासून काहीशी दूर असते. ‘हे तुमच्या घरी कसे म्हणतात?’ हा प्रश्न तेथे इंग्रजीच्या तासाचाच भाग व्हावा.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच, की व्हॉइस आणि काळ हे दोन पाठ तरी मराठी व इंग्रजीच्या शिक्षकांनी एकत्र बसून आखावेत. कोंडाण्याच्या लेखात शिष्यासाठी ‘अंतेवासी’, म्हणजे गुरूजवळ राहणारा, असा शब्द आहे. आज गुरूनेही विद्यार्थ्याच्या बोलीजवळ राहण्याची गरज आहे.