उन्हाची कीर्ती आणि मुरलेली बोर्दो

१/ ‘कडक उन्हाचे साल म्हणजे थोर वाइनचे साल’ हे समीकरण फ्रान्समधील बोर्दोच्या लाल वाइनविषयी आजही सर्रास मांडले जाते. ते एका थंड काळाने घडवले. आजच्या काळात ते टाकून द्यावे, असे माझे मत आहे.

२/ बोर्दो अटलांटिक महासागराजवळ, दमट हवेत वसलेले. विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात तेथे भीती असे ती द्राक्षे पुरती न पिकण्याची. मद्यार्क वाढावा म्हणून रसात साखर घालण्याची रीत होती. अशा ठिकाणी ऊन ही दैवाची देणगी वाटावी, यात नवल नाही.

३/ त्या देणगीचे सर्वांत गाजलेले फळ म्हणजे सेंत एमिलियाँ येथील ‘शव्हाल ब्लां’ची १९४७ ची वाइन. उष्णतेने आंबवण अडखळले, थोडी साखर उरली, व्हिनेगरी अंश वाढला, मद्यार्क १४ टक्क्यांपलीकडे गेला. आजच्या निकषांवर ती सदोष. तरीही ती शतकातील श्रेष्ठ वाइनांत गणली जाते.

४/ पुढे २००३ चा उन्हाळा आला. त्या उष्णतेच्या लाटेत फ्रान्समध्ये सुमारे १५,००० माणसे दगावली. त्याच सेंत एमिलियाँतील ‘शातो पावी’च्या कोवळ्या वाइनला २००४ मध्ये रॉबर्ट पार्कर यांनी अत्युच्च गुण दिले, तर जॅन्सिस रॉबिन्सन यांनी २० पैकी १२. वाद जगभर गाजला.

५/ अशा वादाचा निवाडा काळ करतो, पण तो कसा? वाइन मुरते तेव्हा तुरटपणा मवाळ होतो, साका तळाशी बसतो, रंग विटकरी होतो. फळाच्या जागी तंबाखू, चामडे, वाळलेली पाने यांचे गंध येतात. मात्र उन्हाने द्राक्षातली जी आम्लता जाळली, ती कितीही वर्षांनी परत येत नाही. मद्यार्काचा दाहही सरत नाही.

६/ म्हणून उष्ण सालाची जुनी वाइन चाखताना पहिल्या घोटाच्या गोडव्यावर भुलू नये. घोट गिळल्यावर तोंडाला पाणी सुटते का, हे पाहावे. सुटले, तर ती जिवंत आहे. घशात नुसती ऊब आणि जिभेवर कोरड उरली, तर ती मुरली नाही, केवळ म्हातारी झाली.

७/ १९४७ ची ती बाटली अपवाद होती; आपण अपवादाचा नियम केला. आता उष्ण साले बोर्दोत नित्याची होत आहेत. २०२१ मध्ये फ्रान्सने तेथे तुरिगा नासिओनालसारख्या, उष्णतेला तोंड देऊ शकणाऱ्या द्राक्षजातींना मर्यादित परवानगी दिली. बागाईतदाराने काळ ओळखला आहे. आता चाखणाऱ्यानेही आपला निकष बदलावा. उन्हाची थोरवी पुरे, ताजेपणाची पारख हवी.