ऑइलचा ताप

हवेने थंड होणाऱ्या मोटारसायकलमध्ये इंजिन ऑइल वंगणाइतकेच शीतकाचेही काम करते. ब्लॉक आणि हेडवरच्या फिनमधून उष्णता वाऱ्याला मिळते हे खरे. पण पिस्टनची खालची बाजू, क्रँकचे बेअरिंग, कॅम आणि रॉकर यांच्यापर्यंत वारा पोचत नाही. तिथली उष्णता ऑइल उचलते आणि क्रँककेसच्या भिंतींना देते. बहुतेक गाड्यांत गिअर आणि क्लच प्लेटाही त्याच ऑइलात भिजत असतात. शंभर सीसीच्या गाडीत हा सारा भार जेमतेम लीटरभर ऑइलवर असतो. तरीही समोर वेगाचा काटा असतो, पेट्रोलचा असतो, ऑइलच्या तापमानाचा नसतो. आणि कोणी तो बाहेरून बसवून घेतला तर त्याची गणना हौशी लोकांत होते.

त्याविरुद्धचा पहिला आक्षेप ठरलेला: गरज असती तर कंपनीनेच दिला नसता का? कंपनी गाडीची रचना करते ती नव्या, योग्य मिश्रणावर चालणाऱ्या, स्वच्छ फिनच्या इंजिनासाठी, आणि उन्हातली चढण, दोन माणसे, सामान एवढी सवड त्यात ठेवते. दहा वर्षांनी कार्ब्युरेटरचा जेट अर्धवट बुजलेला असतो, फिनमध्ये चिखल सुकलेला असतो, ऑइल पातळीच्या खाली गेलेले असते. तेव्हा ही सवड किती उरली हे कंपनीला कळत नाही. मापक त्या इंजिनासाठी आहे. शिवाय हवेने थंड होणारे इंजिन जिथे बंद पडून चालत नाही, तिथे हा प्रश्न कधीच निकालात निघाला आहे. अमेरिकेच्या हवाई नियमांनुसार अशा प्रत्येक विमान इंजिनाला ऑइल तापमानाचा मापक सक्तीचा आहे. पोर्शेच्या हवेने थंड होणाऱ्या जुन्या ९११ मोटारीतही तो चालकासमोर असे. रस्त्याच्या कडेला उभी राहिलेली मोटारसायकल आकाशातून पडत नाही, म्हणून तिला सक्ती नाही, इतकेच. आतला धातू आणि ऑइल दोन्हीकडे एकाच नियमाने वागतात.

दुसरा आक्षेप अनुभवाच्या नावाने येतो. जुना मिस्त्री फिनवर पाण्याचा थेंब टाकतो, तो चर्रकन उडाला की गाडी तापली म्हणतो. पण पाणी उडाले याचा अर्थ तो पृष्ठभाग १०० अंशांच्या वर आहे, एवढाच. आणि घाट चढून आलेल्या कोणत्याही धडधाकट इंजिनाचे हेड १०० च्या वर असतेच. ऑइलबद्दल त्या थेंबाने काहीच सांगितलेले नसते. हाताचे तर विचारायलाच नको. साठेक अंशांना माणूस हात काढून घेतो. त्यापुढे ८० काय आणि १३० काय, हाताला दोन्ही सारखेच. हल्ली गॅरेजमध्ये आलेली इन्फ्रारेड बंदूकही चकाकत्या ॲल्युमिनियमवर फसते. तो धातू उष्णतेचे प्रारण फार कमी सोडतो, त्यामुळे आकडा खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो. त्या जागी काळ्या मॅट रंगाचा ठिपका दिला, तर निदान बाहेरच्या भिंतीचे तापमान खरे कळते.

'चांगले सिंथेटिक टाका आणि विसरा' या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. सिंथेटिक ऑइल उष्णतेला जास्त टिकते, पण गरम झाल्यावर पातळ तेही होतेच. २०डब्ल्यू-५० ऑइलचा दाटपणा १०० अंशांना साधारण १८ सेंटिस्टोक असतो. १३० ला तो निम्म्यावर येतो. म्हणजे १०० अंशांना १०डब्ल्यू-३० जितके पातळ असते, तितके हे दाट समजले जाणारे ऑइल १३० ला झालेले असते. ज्याने डब्यावरचा ५० वाचून निश्चिंत व्हायचे ठरवले, तो त्या वेळी प्रत्यक्षात ३० वर गाडी चालवत असतो. शिवाय तापमान दर दहा अंशांनी वाढले की ऑइलचे ऑक्सिडीकरण ढोबळमानाने दुपटीने वेगवान होते. ऑइल किती किलोमीटरला बदलायचे हे पुस्तिकेत लिहिलेले असते. ते किलोमीटर कोणत्या तापमानात झाले यावर त्या आकड्याचा खरेपणा अवलंबून राहतो.

इतके झाल्यावर मापकवाल्यांचीही बाजू तपासायला हवी, कारण खोड्या तिथेही कमी नाहीत. काटा १०० ला टेकला की गाडी थांबवणारे चालक आढळतात. १०० ही पाण्याच्या उकळण्याची खूण. ऑइलला तिची धास्ती नाही. उलट ऑइलच्या श्रेणीचा दुसरा आकडा त्याच्या १०० अंशांच्या दाटपणावरून ठरतो. ९० ते ११० हे त्याचे घर समजावे. १२० च्या पुढे खनिज ऑइल फार वेळ राहू देऊ नये, १३० च्या पुढे सिंथेटिकही. त्यातही घाटमाथ्यावर थांबून तापल्या हेडवर बाटलीभर पाणी ओतणे हा सगळ्यात वाईट उपाय. अचानक आकसलेले हेड वाकडे होऊ शकते.

मापकाचा खरा उपयोग बहुतेकांना ठाऊक नसलेल्या बाजूला आहे, तो म्हणजे ऑइल पुरेसे तापत नसल्याचे दाखवणे. एक लीटर पेट्रोल जळले की साधारण एक लीटर पाणी तयार होते. त्यातले बहुतांश वाफ होऊन सायलेन्सरमधून जाते, पण थोडी वाफ रिंगांच्या फटीतून क्रँककेसमध्ये उतरते आणि थंड ऑइलात मिसळते. थंड इंजिनात न जळलेले पेट्रोलही त्याच वाटेने येते. दूध, भाजी, मुलांचा क्लास अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत ऑइल साठाच्याही वर जात नाही, मग पाणी उडून जाणार कसे? पावसाळ्यात कोकणात ऑइलचे झाकण काढल्यावर आत दिसणारा दुधाळ फेस बहुधा याचाच असतो. अशा गाडीला आठवड्यातून एकदा अर्धा-पाऊण तास सलग चालवून ऑइल ९० पर्यंत नेणे पुरते. पण ते ९० ला गेले का, हे अंदाजाने ठरत नाही. थर्मोस्टॅट नसलेला ऑइल कूलर हौसेने बसवणाऱ्यांचीही हिवाळ्यात हीच गत होते.

आकडा वाचण्याचीही रीत आहे. डिपस्टिकच्या जागी बसणारा तबकडीचा मापक संपमधले तापमान दाखवतो, ड्रेन बोल्टमधला सेन्सर तळाचे, कूलरच्या नळीतला त्याहून वेगळे. एकाच गाडीत या जागांमध्ये दहा-वीस अंशांचा फरक पडतो, म्हणून दुसऱ्याच्या गाडीच्या आकड्याशी तुलना व्यर्थ. स्वतःच्याच गाडीचा, त्याच रस्त्याचा, त्याच ओझ्याचा आकडा टिपून ठेवावा. खंबाटकी किंवा कसारा घाटासारखी लांब चढण त्याला उत्तम. बाहेरची हवा जितक्या अंशांनी तापते, जवळपास तितक्याच अंशांनी ऑइलही वर जाते. त्यामुळे नागपूरचा मे आणि नागपूरचा डिसेंबर यांचे आकडे सरळ शेजारी मांडता येत नाहीत. हवेपेक्षा ऑइल किती वर आहे तो फरक लिहावा. तोच फरक त्याच चढणीवर पंधरा अंशांनी वाढला, तर हवामानाला दोष देण्यात अर्थ नाही. मिश्रण पातळ झाले आहे, इग्निशन मागे पडले आहे, क्लच घसरतो आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे. यांतले काही ना काही सापडते.

मर्यादा मात्र मान्य करायला हव्यात. ऑइल हळू तापते आणि हळू निवते, त्यामुळे सिग्नलला उभ्या गाडीचे हेड दोन मिनिटांत किती तापले ते या काट्यावर दिसत नाही. त्यासाठी प्लगच्या वॉशरखाली बसणारा थर्मोकपल लागतो. दाब कमी झाला, पंप बिघडला, तर तेही हा काटा वेळेवर सांगत नाही. गळतीने ऑइल फारच कमी झाले तर डिपस्टिकचे टोक हवेत उघडे पडते, आणि ज्या क्षणी काटा वर जायला हवा, नेमक्या त्याच क्षणी तो खाली येऊ लागतो.