मुलींना कविता लिहू द्या

दहावीच्या मराठीच्या परीक्षेत मुलीला कवितेबद्दल बरेच विचारले जाते. कवीचे नाव, कवितेचा विषय, दिलेल्या ओळींचा सरळ अर्थ आणि शेवटी कविता आवडण्याचे किंवा न आवडण्याचे कारण. हे कारणसुद्धा गाइडमध्ये तयार मिळते आणि मुली ते पाठ करून उतरवतात. बातमी, जाहिरात, कथा यांचे लेखन अभ्यासक्रमात आहे. स्वतःची कविता लिहायला मात्र कोणी सांगत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ही उणीव मला फार मोठी वाटते. घरातल्या थोरांसमोर जे तिला बोलता येत नाही, ते बोलण्याची मुभा आपल्या समाजाने तिला निदान कवितेत तरी पूर्वापार दिलेली आहे, आणि शाळेने नेमकी तीच काढून घेतली आहे.

परंपरेने मुक्ताबाईंचा काळ १२७९ ते १२९७ असा मानला आहे, म्हणजे सगळे आयुष्य अठरा वर्षांचे. लोकनिंदेने दुखावून ज्ञानेश्वर दार लावून बसले, तेव्हा या धाकट्या बहिणीने त्यांची समजूत घातली, विनवणी केली आणि संताने कसे वागावे हेही ऐकवले. ताटीचे अभंग म्हणून ते आजही गायले जातात. भावंडांत सर्वांत लहान असलेल्या मुलीने थोरल्या भावाला साध्या बोलण्यात असे काही ऐकवले असते, तर तो आगाऊपणा ठरला असता. अभंगात म्हटले म्हणून ते शहाणपण ठरले आणि वारकऱ्यांनी सातशे वर्षे जपले.

मुक्ताबाई असामान्य होत्या, त्यांचा दाखला शाळकरी मुलींना कसा लावायचा, असे कोणी म्हणेल. त्यांनी जात्याकडे पाहावे. पहाटे एकाच खुंट्याला हात घालून दोघीजणी समोरासमोर बसत, एक वैरण घाली आणि ओवी चाले. आईसमोर बसलेली पोर ऐकता ऐकता स्वतः ओवी जोडायला शिके. दूर दिले म्हणून बापाला बोल, न्यायला आला नाही म्हणून भावावर रुसवा, सासरचा जाच, सगळे त्यात येई. हे ऐकायला सासू पलीकडच्याच खोलीत असे. दिवसाउजेडी एक शब्द उलट बोलला तर घर डोक्यावर घेतले गेले असते. पण ओवी सगळ्या बायकांची, त्यामुळे ती कोणा एकीवर शेकत नसे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सुरू केलेल्या कामातून महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतल्या अशा लाखाहून जास्त ओव्या नोंदवल्या गेल्या. इतक्या बायका असामान्य नसतात. गिरणी आली आणि बायकांचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. जाते परत आणा असे कोणीही म्हणू नये. मात्र दळणाबरोबर ती बोलण्याची जागाही गेली, आणि तिच्या बदल्यात मुलींना काहीच मिळाले नाही.

या वयातल्या कविता कच्च्या असतात, सिनेमातल्या गाण्यांवर बेतलेल्या असतात, हा आक्षेप खरा आहे आणि गैरलागूही आहे. निबंध कच्चा असतो म्हणून आपण निबंध लिहून घेणे थांबवत नाही. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो: कवितेने तिच्या आयुष्यात फरक काय पडणार? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयोगटातल्या २१.९ टक्के स्त्रियांचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झाले होते. लग्न थांबवण्याचे काम कायद्याचे, ग्रामसेवकाचे, १०९८ या हेल्पलाइनचे; कवितेचे नव्हे. तरीही तो नंबर फिरवण्याआधी ‘मला नको’ हे तिला स्वतःशी आणि मग दुसऱ्याशी बोलता यावे लागते. १८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या, जेमतेम चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिले आणि ‘ज्ञानोदय’ने ते छापले. ते गद्य होते, हे मान्य. पण ती जोतिराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकत होती, आणि त्याच सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह आदल्याच वर्षी, १८५४ मध्ये, निघाला होता. शिकवणारी बाई स्वतः कविता लिहून छापते, हे ज्या शाळेत दिसत होते, तिथल्या मुलीला आपणही लिहावे असे वाटले असेल तर त्यात नवल नाही.

खरी जोखीम वहीची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. घरी दप्तर तपासले जाते. प्रेमाच्या चार ओळी सापडल्या की मोबाइल काढून घेतला जातो, कधी शाळाच सुटते. म्हणून ही वही वर्गातल्या कपाटात राहावी, मुलीने होकार दिल्याशिवाय कोणी ती उघडू नये, आणि पालकसभेत किंवा शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्या ओळी मिरवू नयेत. याला एकच अपवाद. एखाद्या कवितेतून लैंगिक अत्याचार उघड झाला, तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे शिक्षकाला तो कळवावाच लागतो. तिथे गुप्तता चालत नाही. मुलींना हे पहिल्याच दिवशी सांगून ठेवावे.

शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हे मी जाणतो. पण इथे तपासणी नाही, गुण नाहीत, लाल पेन नाही. मराठीच्या शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे: येत्या सत्रात पंधरवड्यातून एक तास मुलींना लिहायला द्या, ज्या वाचतील त्यांना वाचू द्या, आणि शुद्धलेखनाबद्दल त्या तासात अवाक्षर काढू नका.