लेन्सआधी हवा आणि गवत तपासा

वाघाच्या मिशांचा केसन् केस मोजता यावा इतका फोटो धारदार आलेला असतो, पण मागचं गवत पाहिलं की चुटपुट लागते. पार्श्वभूमी सायीसारखी मऊ विरघळायला हवी होती. तिथे प्रत्येक काडीच्या दोन काड्या झालेल्या असतात, फांद्यांना दुहेरी कडा आलेल्या असतात, आणि सगळं थरथरल्यासारखं दिसतं. अशा वेळी बहुतेक हौशी छायाचित्रकारांचा निकाल ठरलेला असतो: लेन्स बिघडली. ती दुरुस्तीला जाते किंवा विकायला निघते, आणि दीड-दोन लाखांच्या झूम लेन्सच्या जागी दहा लाखांपुढच्या लेन्सची स्वप्नं पडू लागतात. माझं म्हणणं असं की हा तपास उलट्या टोकाने चालतो. लेन्स संशयित आहेच, पण तिचा नंबर शेवटी लागायला हवा.

फोकसबाहेरच्या भागाच्या पोताला ‘बोके’ म्हणतात. शब्द जपानी आहे, आपल्याकडच्या मांजरांशी त्याचा संबंध नाही. दुहेरी कडांच्या या प्रकाराला जपानीत ‘निसेन बोके’, म्हणजे दोन रेघांचा बोके, असं स्वतंत्र नावच आहे. फोकसबाहेरचा प्रत्येक बिंदू फोटोत एक चकती होऊन उमटतो. ती चकती किती मोठी होणार हे साध्या त्रैराशिकाने काढता येतं. 600 मिमी., एफ 6.3 च्या लेन्सचं प्रकाशद्वार सुमारे 95 मिमी. रुंद असतं. वाघ 20 मीटरवर आणि गवत त्याच्या मागे अवघ्या 2 मीटरवर असेल, तर वाघाच्या अंगावर मोजली असता ती चकती जेमतेम 9 मिमी. भरते. गवताचं पातं चार-पाच मिमी. रुंद, म्हणजे ते विरघळायला पुरेशी जागाच मिळत नाही. त्यात चकतीची किनार मधल्या भागापेक्षा थोडी जरी उजळ असली, तरी एका पात्याची दोन पाती दिसतात. आता महागडी 600 मिमी., एफ 4 ची लेन्स लावून पाहू. चकती 14 मिमी. होते. आणि लेन्स तीच जुनी ठेवून वाघ गवतापासून 10 मीटर पुढे येईपर्यंत थांबलं, तर? 43 मिमी. लाखो रुपयांनी जे साधत नाही ते दोन मिनिटांच्या धीराने साधतं. हे गणित कोणत्याही लेन्सच्या जाहिरातीत नसतं, आणि ते का नसावं हे उघड आहे.

दुसरा संशयित हवा. उन्हाने तापलेल्या जमिनीवर थरथरणाऱ्या भासाला आपल्या भाषेने हरणावरूनच नाव दिलं, मृगजळ. पण हरणाचा फोटो काढणाऱ्याला नेमकं तेच आठवत नाही. हवेचा अपवर्तनांक सुमारे 1.0003 असतो आणि तापमान एका अंशाने बदललं की तो दशलक्षात जेमतेम एका भागाने बदलतो. ऐकायला हे नगण्य वाटतं. पण 24 मेगापिक्सेलच्या फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 600 मिमी. लेन्स लावली, तर 100 मीटरवरचा एक मिलिमीटर म्हणजे सेन्सरवरचा एक पिक्सेल. वाटेतल्या गरम-गार झोतांनी किरण एवढे सहज सरकतात. एप्रिल-मे महिन्यांत चंद्रपूरचा पारा 45 अंशांपुढे जातो, तेव्हा ताडोबातल्या दुपारी हेच चाललेलं असतं. सोलापूर-इंदापूरकडच्या उघड्या माळरानांवर तर ऊन चढताच झळा उठतात. ज्या जिप्सीतून फोटो काढायचा तिचं तापलेलं बॉनेटही समोर असतं. थंडीतही सुटका नाही: भिगवणच्या पाणथळीवर पहाटे पाणी उबदार आणि हवा गार असली, तरी तोच खेळ होतो. एसी गाडीतून काढलेल्या थंडगार लेन्सच्या हूडमध्येसुद्धा तो होतो.

तिसरा गुन्हेगार तर आपणच पैसे मोजून आणलेला असतो. लेन्सला ओरखडा पडू नये म्हणून पुढे बसवलेला ‘प्रोटेक्शन’ फिल्टर. रुंद कोनाच्या लेन्सवर खपून जाणारी काचेची किंचित वाकडी पातळी लांब पल्ल्याच्या लेन्सवर अनेक पटींनी फुगून दिसते, आणि तिची पहिली झळ पार्श्वभूमीलाच बसते. कंपन-नियंत्रणही कधी कधी दोषी असतं, कारण त्यासाठी लेन्सच्या आतला भिंगांचा एक गट मध्यरेषेवरून सरकत राहतो. यांतला नेमका कोण हे ओळखायचं तर एकाच फोकसवर सलग दहा-पंधरा फ्रेम घ्याव्यात. विचित्रपणा फ्रेमागणिक बदलला तर हवेवर किंवा कंपन-नियंत्रणावर संशय घ्यावा. ते बंद करून पुन्हा पाहिलं की दोघांतला एक उरतो. सगळ्या फ्रेम सारख्याच बिघडल्या असतील तर काच किंवा गवत. फिल्टर काढा, पुन्हा घ्या. मग गवतापासूनचं अंतर बदला. एवढं करूनही दोष उरला तरच लेन्सकडे बोट दाखवावं.

यावर जाणकार म्हणतील की लेन्सचा स्वभाव काही कल्पित नव्हे. बरोबर. आरशाच्या लेन्स मागच्या प्रत्येक उजळ ठिपक्याचं मेदूवड्यासारखं कडं करतात, कारण मधला आरसा प्रकाशाचा गाभाच अडवतो. गोलीय विपथन गरजेपेक्षा जास्त सुधारलं की चकत्यांच्या कडा उजळतात, हेही खरं. निकॉनने 1990 मध्ये काढलेल्या 135 मिमी. ‘डीसी’ लेन्सला तर हा स्वभाव हाताने बदलण्याची कडीच होती. पण स्वभाव पहिल्या दिवसापासून असतो, अचानक उपटत नाही. काल मऊ येणारी पार्श्वभूमी आज दुभंगली असेल, तर मधल्या काळात भिंगांचं सूत्र बदललेलं नसतं. पडझड झाली नसेल तर बदलली असते ती वेळ, जागा किंवा पुढची काच. सॉफ्टवेअरने मागचं पुसून टाकता येतं, असाही एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. येतं खरं, पण मिशा आणि गवत एकमेकांत गुंतलेले असतात तिथे कातरी लपत नाही. शिवाय लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या स्पर्धेसारख्या ठिकाणी मूळ कच्ची फाइल मागतात, तेव्हा गवत आहे तिथेच सापडतं.

सगळ्यात रास्त आक्षेप सफारीला येणाऱ्या पर्यटकाचा आहे. महिनोन् महिने आधी आरक्षण करायचं, वाघ दिसणार तो दोन-चार मिनिटं, त्यात प्रयोग कसले करायचे? जंगलात करूच नयेत, आणि चालकाला ‘अजून पुढे घ्या’ म्हणून तर मुळीच छळू नये. फिल्टरची आणि कंपन-नियंत्रणाची परीक्षा घराजवळच्या कोणत्याही गवताळ पडीक जागेवर, कुंपणाच्या खांबाला वाघ मानून, सकाळी सातला आणि पुन्हा दुपारी एकला घेता येते. त्या दोन वेळच्या फ्रेम शेजारी ठेवल्या की हवेचा वाटा किती ते कळतं. मग सफारी सकाळची निवडावी, लेन्स अर्धा तास आधीच पिशवीतून बाहेर काढून हवेशी जुळवून घ्यावी, आणि प्रवेशद्वारावर ओळखपत्रं तपासून होईपर्यंत तो फिल्टर काढून खिशात टाकावा.