पीकनोंदीचे साधन बांधावर पारखावे

एखादे नवे साधन गावात रुजले नाही, की त्याचा दोष शेतकऱ्याच्या अज्ञानावर टाकण्याची रीत फार जुनी आहे. वर्धा जिल्ह्यात तरी ती शोभत नाही. वापरणाऱ्याच्या घरची परिस्थिती आधी, साधन मागाहून, हा विचार येथे जवळजवळ नव्वद वर्षांपूर्वी प्रत्यक्ष कामास लागला होता.

डिसेंबर 1934 मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांच्या देखरेखीखाली वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले. तेथे वनस्पती तेलावर जळणारा ‘मगनदीप’ सिद्ध करण्यात आला. रॉकेल पातळ असते, ते वातीतून सहज वर चढते. घाण्याचे तेल दाट. ते फार उंच चढत नाही, वात काजळते व ज्योत मंदावते. तेव्हा रॉकेलच्या कंदिलात गावचे तेल ओतून भागण्यासारखे नव्हते. तेलाचा स्वभाव बदलता येत नाही, दिव्याची घडण बदलता येते.

त्याही आधी, 1929 साली, अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यास एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले होते. त्याच्या अटी आजही वाचण्याजोग्या आहेत. चरखा हलका असावा, खेड्यातील झोपडीत चालावा, स्त्रीला माफक श्रमात सलग आठ तास चालविता यावा, किंमत 150 रुपयांवर जाऊ नये, वीस वर्षे टिकावा आणि दुरुस्तीचा वार्षिक खर्च किमतीच्या पाच टक्क्यांत बसावा. बक्षीस कोणासही मिळाले नाही. तथापि कातणारणीचा दिवस, तिचे घर व तिची ऐपत पाहूनच यंत्राची मागणी केली गेली, हे विसरता येत नाही.

आता ई-पीक पाहणीकडे पाहावे. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद स्वतः मोबाइलवर, शेतात उभे राहून, छायाचित्रासह करावी अशी व्यवस्था झाली. हेतू उत्तम आहे. पीक शेतात असणाऱ्यानेच नोंद केली तर ती खरी होण्याचा संभव अधिक. पण भर दुपारच्या उन्हात पडद्यावरील अक्षरे दिसत नाहीत, हात चिखलाचे असतात, आणि पुष्कळ घरांत चांगला मोबाइल शिकायला बाहेरगावी गेलेल्या मुलाकडे असतो. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये मागितले जाते. वर्ध्याचा शेतकरी एकरात बोलतो. एक एकर म्हणजे सुमारे 40 आर, हे गणित बांधावर उभे राहून करताना चूक झाली तर नवल काय? कपाशीच्या ओळींत तुरीचे तास असले म्हणजे तर मुख्य पीक कोणते, मिश्र कोणते आणि कोणास किती क्षेत्र द्यावे, येथेच बोट थबकते.

ही चूक लहान नाही. पीक विमा, नुकसानभरपाई आणि हमीभावाने कापूस विकण्याची नोंदणी या सर्वांना सातबाऱ्यावरील पीक लागते. पेऱ्याची चुकीची नोंद बहुधा विक्रीच्या वेळीच उघडकीस येते. तोवर दुरुस्तीची मुदत उलटलेली असते.

यावर प्रशिक्षण द्यावे, सहायक नेमावा, असे उपाय सुचविले जातात व काही अंशी अमलातही आहेत. त्यांचा उपयोग नाही असे नव्हे. मात्र सहायकाने नोंद केली की शेतकऱ्याची नजर त्या नोंदीवरून निघते आणि साधनातील दोष झाकला जातो. दोष दिसलाच नाही तर सुधारणार कोण?

म्हणून गावपातळीवरील कार्यकर्त्याने नोंदणीचा हंगाम सुरू होताच पाच शेतकरी निवडावेत; त्यांत एक तरी स्त्री खातेदार व एक तरी साठीपुढील असावा. मोबाइल त्यांच्या हाती देऊन आपण गप्प राहावे. हे गप्प राहणेच कठीण. मदतीची सवय झालेल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो. बोट कोठे थांबले, कोणता शब्द पुन्हा वाचला, कोठून मागे फिरावे लागले, एवढेच कागदावर टिपावे. संगणकाची साधने घडविणारे याच रीतीने परीक्षा घेतात, आणि थोड्या माणसांतही बरेचसे दोष उघडे पडतात असा त्यांचा अनुभव आहे. तो कागद तालुक्याला पाठवावा. त्यावर शेतकऱ्याचे नाव नको, पण गाव, पीक आणि दिवसाची वेळ मात्र जरूर लिहावी.